ठराव क्रमांक सात

दिघ्याच्या समाजमंदिरात पंखा एकच.
तो फिरला की प्रोसिडिंगची पानं उडतात,
म्हणून यल्लव्वा धोत्रे वहीवर खडी ठेवते,
पाऊण इंची, तिच्याच हातानं फोडलेली,
खाणी बंद व्हायच्या आधीची.

मी शिकवायला आलेली.
पिशवीत चार रंगांचे मार्कर, तक्ते, चिकटपट्टी
आणि ऐरोलीत, तुर्भ्यात विचारून गुळगुळीत झालेला प्रश्न:
पाच वर्षांनी तुमची संस्था कुठे असेल?
'हितंच की,' यल्लव्वा म्हणाली,
'महापालिकेनं उठवलं नाही तर.'
बायका हसल्या.
तक्ता कोराच राहिला.

संस्था म्हणजे एक बालवाडी,
टँकरच्या पाळ्यांची वही, रेशनकार्डांचा गठ्ठा,
शिलाईची तीन मशिनं, त्यातलं एक चालू,
आणि यल्लव्वा.
नोंदणीसाठी ठाण्याला गेली तेव्हा
धर्मादाय कार्यालयाच्या जिन्यात दोन दिवस बसली,
तिसऱ्या दिवशी साहेबालाच विचारलं,
जेवलात का?

दुपारी मी प्रोसिडिंग चाळलं.
अकरा वर्षं. एकच निळं अक्षर, उजवीकडे कललेलं.
बालवाडीवर पत्रे घालणे. सर्वानुमते मंजूर.
हिशेब वाचून कायम करणे. सर्वानुमते मंजूर.
सूचक यल्लव्वा.
अनुमोदक कधी निंगव्वा, कधी शेहनाज.
अंगठे मात्र एका बैठकीत उरकलेले,
सगळ्यांची शाई सारखीच फिकट.

'कुणी कधीच नको म्हणालं नाही?'
ती वहीवरच्या खडीशी चाळा करत राहिली.
'नको म्हणायला वेळ लागतो, बाई.
टँकर खाली उभा असतो.'

यावर माझ्याकडे तक्ता नव्हता.
आमच्या बेलापूरच्या ऑफिसातही
सरांचं बोलून झालं की
चहाच येतो.

दुसऱ्या दिवशी मार्कर काढलेच नाहीत.
गोल बसलो. खडी हातोहात फिरवली,
जिच्या हातात येईल तिनं एक नको म्हणायचं.
शेहनाज म्हणाली, नको, कोरा चहा नको.
निंगव्वा म्हणाली, रात्रीची पाळी नको, गुडघा धरतो.
बालवाडीतली रेशमा, एकोणीस वर्षांची,
खडी मुठीत दाबून बसली
आणि काही न बोलता पुढं दिली.
मी तिच्या नावापुढे 'सहभाग कमी' असं लिहिलं.
ते पान अजून माझ्याकडे आहे.

मग दर दुसऱ्या गुरुवारी जात राहिले.
व्हाउचर, शिक्का, ऑडिटरचं पत्र,
नगरसेवकासमोर खुर्ची ओढून कसं बसायचं.
मार्चमध्ये प्रकल्प संपला.
दोन ओळींचं पत्र आलं, सहाय्याचा टप्पा पूर्ण.
खाली सही माझी.
मीही नको म्हणाले नाही.

दिवाळीच्या तोंडावर फोन.
'बाई, ठराव पडला.'
'कुणाचा?'
'माझाच. क्रमांक सात.
बंद मशिनं भंगारात द्यायची म्हटलं, भाडं थकलंय.
ती रेशमा उठली. म्हणती, इकू नका,
मी दुरुस्ती शिकून आलीय घणसोलीला.
हात मोजले. माझे चार, तिचे सात.'

'वाईट वाटलं?'
'दोन दिवस भाकर गोड लागली नाही.'
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
'बाई, नामंजूर कसं लिहायचं?
अकरा वर्षांत लिहिलंच नाही.
जोडाक्षर हाय का त्यात?'

'नाही,' मी म्हटलं, 'सरळ आहे.
ना. मं. जू. र.'

पलीकडं ती एकेक अक्षर
मोठ्यानं कुणाला तरी सांगत होती.